शिवणीवरची चीर

बसा ना साहेब, उभ्याउभ्या काय लिहून राहिले? खुर्ची आहे, चहा आहे. नको? नागपूरहून आमच्या या गोंदियाकडच्या गोरेगावपर्यंत आले, माझं गोदाम उघडायला लावलं, गठाण फोडली — अन् शालीकरामचा चहा तेवढा चालत नाही. बरं. तर तुमचं म्हणणं असं, की परदेशातून चिंधी म्हणून आलेला हा माल चिंधी नाही, जुना कपडा आहे. अन् कपडा म्हटला की बिनापरवाना, माल जप्त, वरून दंड. मतलब तुमच्या एका शब्दावर माझा अख्खा हिवाळा. कागद समजते मले, साहेब. शाळा सातवीत सुटली, पण कस्टमची ती जाडी पोथी मी याच गादीवर बसून वाचली — लोक हरिपाठ वाचतात, मी तुमचे अध्याय वाचले. त्यातला एक नियम सांगू? हसाल. नाही, तुम्ही नाही हसणार. सदऱ्याची डावी बाजू उजवीवर चढली तर मर्दाचा, उजवी डावीवर चढली तर बाईचा. अन् कशावरूनच ओळखू नाही आलं, तर? बाईचाच! आमच्या भोजराजचे — गोंदियात नव्या मालाचा धंदा आहे त्याचा — त्याचे कोट असेच बायकांचे ठरले पोर्टावर. इथं आणून विकले, तर धानाच्या राखणीवर बसणाऱ्या गड्यांनी पहिल्याच बाजारात उचलले. कडाक्याची थंडी पडली की बटन कोणत्या बाजूले आहे, कोण पाहते?

हो, हो, मुद्द्यावरच येऊन राहिलो, घाई काऊन करता? चिंधी. पोथी काय म्हणते — घालण्याजोगा राहू नये, अशी चीर पाडलेली पाहिजे. आहे ना चीर? हा स्वेटर पाहा, बगलेपासून कमरेपर्यंत उघडा. हा असा घालून तुम्ही साहेबापुढं उभे राहाल का? मग झाली चिंधी. राइस मिलवाले नेतात मशीन पुसाले. काय? लोकर तेल पीत नाही? …बरं, नसेल पीत. मग गाद्यात भरतात. गिऱ्हाईक काय करते ते विचाराची आपल्यात रीत नाही. चीर शिवणीवरच काऊन? आता कात्री कुठंतरी चालणारच ना! कुठं चालवू म्हणून माल पाठवणाऱ्यानं फोन केला, मी म्हटलं शिवणीवर चालव भाऊ, छातीवर चालवली तर तो पुन्हा — पुन्हा काय, काही नाही. सहज म्हटलं. तुम्ही लिहितच राहता, माणसाले बोलू तर द्या.

भरवसा नाही ना? ठीक. तुमच्याच हातानं काढा एक. त्या ढिगातला नाही, हा इकडचा — बरं, तोच काढा, घाबरतो का मी? निळा? आणा. हे पाहा, घातला अंगात. आता ही बाही ओढतो, शिवण चिरलेली आहे, भर्रकन सुटली पाहिजे. …सुटते. थांबा. …तुम्ही ओढा, जवान हात आहेत तुमचे. ओढा ना! जोरात! पाय टेकवा पाहिजे तर भिंतीले! …हां. नाही सुटत. नाहीच सुटणार, साहेब, लोकर फाटेल पण तो टाका नाही सुटणार — देवकाबाईच्या हातचा आहे. पूर्ण तालुक्यात दाखवा असा टाका. उलटा करून पाहा, जोड कुठं आहे ते बोटाले लागत नाही. बायका बाजारात स्वेटर नाही मागत, देवकाबाईचा आहे का विचारतात —

काय लिहिलं?

नाव कायले लिहिता? देवकाबाई कोणी नाही. म्हणजे आहे, माझी भावजय आहे, भाऊ गेला तेव्हापासून तिच्या मशीनवर तिचं घर चालते, कधी हात नाही पसरला कोणापुढं, माझ्यापुढंही नाही. तिले काय माहीत चिंधी काय अन् परवाना काय? मी फाटलेलं दिलं, तिनं जोडलं. फाटलेलं जोडणं गुन्हा कधीपासून झाला? खोडा ते. जबानी घ्यायची म्हणजे? नागपूरले? इथल्या जवळच्या प्रतापगडच्या यात्रेपलीकडं पाहिलं नाही त्या बाईनं काही, तुमच्या त्या काचेच्या खोलीत काय बोलेल ती? शिवणारा मी आहे, लिहा. मी! दाखवू? काय दाखवू — सुई ओवून? द्या इकडं दोरा. …उजेड नाही या गोदामात. …नाकंच बारीक आहे या सुईचं.

बस. ठेवतो ही सुई. कपडा आहे, साहेब. जुना कपडा, बिनापरवाना, चीर मुद्दाम शिवणीवर, सांगणारा मी — लिहा असंच, कुठं सही पाहिजे तिथं करतो. साऱ्या गठाणी उचला. एक चिंधी ठेवू नका मागं. फक्त पान नवीन घ्या, अन् त्यावर माझ्याशिवाय कोणाचं नाव नको.

झालं? मग निघा. त्या दारानं नाही — तिकडं घर आहे, बाईमाणूस आहे. समोरून.