‘अनामत’ हा शब्द मी दिला

…आणि इथं ‘अनामत’ छापलंयस ते तसंच राहू दे, खोडू नकोस. अर्थ ठाऊक आहे का तुला त्याचा? नाही, ‘आधी भरायचे पैसे’ नव्हेत, ते शुल्क. शुल्क दिलं की गेलं, त्यावर आपला हक्क उरत नाही. अनामत म्हणजे वस्तू दुसऱ्याच्या हाती राहायची, पण असायची आपलीच — मागितली की जशीच्या तशी परत यायची. ठेवणाऱ्यानं निर्धास्त झोपावं आणि सांभाळणाऱ्यानं जागं राहावं, एवढं सगळं त्या चार अक्षरांत आहे. शब्द परक्या भाषेतून आला म्हणून आमच्या गुरुजींना खपायचा नाही, ते ‘न्यास’ लिहायला लावायचे. पण बसस्थानकाच्या सामानघरावर ‘न्यास’ लिहिलं तर कोण आपली ट्रंक ठेवणार तिथं? — बस ना, उभी का? ती नवी खुर्ची नको. ही घे, जुनी. पाय हलतो तिचा, पण धरते.

तर वाचनालयात सभा, विषय ‘घरबसल्या कमाई आणि ऑनलाइन फसवणूक’, आणि वक्ता मी. ‘बसस्थानकाचा आवाज, जो चोरांनी चोरला’. सुबक छापलंयस हो पत्रक. ‘चोरांनी चोरला’ तेवढं बरं नाही दिसत; चोर दुसरं काय करणार? आणि माझं नाव तुझ्या आईनंच सुचवलं ना? वाटलंच. पहिल्या रांगेत बसायचं म्हणते? — हो, बसेलच ती. सव्वीस वर्षं माझ्या शेजारी बसली आहे. तिची तिकिटांची खिडकी आणि माझी गाड्या पुकारायची खोली, मध्ये एक काच. मी तिला ‘खिडकी’ म्हणायची आणि ती मला ‘भोंगा’. माझा घसा बसायला लागला की माझ्याआधी तिला कळायचं. काचेवर अंगठी वाजवायची, टक टक — म्हणजे भोंग्या, पाणी पी. तू तेव्हा एवढीशी होतीस, तिच्या टेबलाखाली बसून फाटक्या तिकिटांची होडी करायचीस. आठवतं? नसेल आठवत.

निवृत्त झाल्यावर काय केलं म्हणतेस? काही नाही. स्थानकावर यंत्र बोलायला लागलं. यंत्राचे उच्चार वाईट नाहीत, खोटं कशाला सांगू. मी महिनाभर दर मंगळवारी तिथं जाऊन ऐकत बसले, हातात पिशवी घेऊन, कुणी विचारलं तर बसची वाट पाहतेय म्हणायचं. एकदा एका वाहकानं ओळखलं. ‘बाई, कुठं निघालात?’ म्हणाला, आणि मला गावाचं नाव सुचेना — मला, जिला अडतीस गावं ओळीनं तोंडपाठ. घरी आले ती परत गेले नाही. असं दीड वर्ष काढलं. आणि मग तो फोन. ‘तुमचा आवाज आम्हाला हवा आहे.’ बाई गं, दीड वर्षात ‘हवा आहे’ हे क्रियापद माझ्या वाट्याला आलं नव्हतं. मजकूर ते पाठवणार, मी घरबसल्या वाचून ध्वनिमुद्रण पाठवायचं, शनिवारी पैसे. मी सावध नव्हते असं नाही — तो काही मागतो का ते पाहिलं. काही मागितलं नाही त्यानं, उलट दिलं, दर शनिवारी, न चुकता. तुझ्या पत्रकात लिहिलंयस ना, ‘काम देणाऱ्यानं आधी पैसे मागितले तर ते काम नव्हे’? अगदी खरं आहे. माझ्याकडे मागितले नाहीत. मग माझं ते काम होतं, नाही का? असं मी मला समजावलं.

कपाटात वाचायची मी. हसू नकोस. खोलीत आवाज घुमतो, कपड्यांत तोंड घातलं की घुमत नाही; कोट, चादरी, स्वेटर बाजूला सारून मधोमध उभं राहायचं आणि फोन छातीशी धरायचा. पहिला मजकूर फरशी पुसायच्या साबणाचा. दुसरा कुठल्याशा दवाखान्याच्या वेळांचा. मग पेन्सिलींचा. घरी बसून पेन्सिली डब्यांत भरायच्या, माल दारात येणार, डबे दारातून जाणार. ‘नोंदणी शुल्क भरा, पहिल्या महिन्यानंतर ते परत मिळेल.’ मी वाचता वाचता थांबले. परत मिळणार असेल तर ते शुल्क कसं? मी त्याला फोन केला — तो साहेब म्हणवून घ्यायचा, वयानं तुझ्याएवढा असेल — म्हटलं, साहेब, शब्द चुकलाय; परत देणार असाल तर ‘अनामत’ म्हणा. तो म्हणाला, ‘ताई, हे फार चांगलं सुचवलंत. लोकांना शुल्क म्हटलं की भीती वाटते.’ मी विचारलं, पण परत देता ना नक्की? तो हसला. नुसता हसला गं. आणि मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. माझा शब्द घेतला होता त्यानं, वर ताई म्हणाला होता; मी कपाटात शिरले आणि ते वाक्य तीनदा वाचलं — पहिल्यांदा ‘अनामत’ वर जोर पडला म्हणून, दुसऱ्यांदा कोरडं वाटलं म्हणून, तिसऱ्यांदा जमलं. घरातलंच माणूस सांगतंय असं वाटावं, तसं जमलं.

मग कळलं कधी? थांब, सांगते. पुढचा मजकूर सोमवारी आला: ‘आज शेवटचा दिवस. आजच अनामत भरा.’ वाचला. गुरुवारी तोच आला: ‘आज शेवटचा दिवस.’ वाचला. पुढच्या सोमवारी पुन्हा. आता बघ, आमच्या धंद्याचा पहिला नियम कोणता? सुटलेली बस सुटणार म्हणून सांगायची नाही. लोक धावतात गं. कडेवर मूल घेऊन, चपला हातात घेऊन धावतात. सव्वीस वर्षांत एकदा चुकले होते, एका म्हाताऱ्याचा पाय मुरगळला होता आणि मी चार दिवस जेवले नव्हते. तुझ्या आईला विचार. आणि इथं तीच बस तिसऱ्यांदा सोडायला सांगत होते मला. कळलं त्याच सोमवारी, मजकूर हातात असताना, कपाटाचं दार उघडं असताना. — नाही, पाणी नको. बोलू दे.

वाचला मी तो. कळल्यावर वाचला. का? शनिवारचे पैसे बुडतील म्हणून? नाही, पैशांपेक्षा वाईट कारण आहे. बंद केलं असतं तर मंगळवारी पुन्हा पिशवी घेऊन कुठं बसले असते?

पंधरा दिवसांनी तुझी आई आली. दुपारची, गुडघे दुखत असताना जिने चढून. तू गावाला होतीस तेव्हा. तुझ्या बाबांच्या कानाच्या यंत्रासाठी ठेवलेलं होतं ते सगळं भरलं होतं तिनं. पेन्सिली आल्या नाहीत. तो नंबर लागेना. तुझे बाबा अजून पाटीवर लिहायला लावतात ना बोलणं? मला माहीत आहे. मी खाली दुकानात भेटले त्यांना, तर त्यांनी ती पाटी माझ्यापुढं धरली, खडू दिला, आणि मी तो खडू तसाच परत केला. तर आई. तिनं फोन काढून मला ते ऐकवलं, कपाटातला माझा आवाज. आणि म्हणाली — रडली नाही हं ती, हात धरून म्हणाली, ‘भोंग्या, तुझा आवाज ऐकला आणि मी काही विचारलंच नाही बघ. अनामत म्हणालीस, म्हणजे अनामतच असणार.’ मग माझ्या तोंडाकडे पाहिलं तिनं. काय दिसलं असेल कोण जाणे. म्हणाली, ‘मेल्यांनी तुझा आवाज चोरला, होय ना? हल्ली यंत्रानं करतात म्हणे तसं.’

मी ‘हो’ म्हणाले.

एक अक्षर. त्याला काही जोर लागला नाही, पुन्हा वाचावं लागलं नाही, पहिल्याच वेळी जमलं. तिनं मला जवळ घेतलं आणि माझीच समजूत घातली. मग तिनंच चौकीत सांगितलं, तिनंच शेजारपाजारी सांगितलं, मी शेजारी उभी राहून मान हलवत राहिले. बाया येऊन हळहळून गेल्या. आवाज चोरीला गेलेली बाई बघायला येतात लोक. आणि आता तू पत्रक छापलंस.

ती नवी खुर्ची त्या शनिवारांची आहे. अजून बसले नाही तिच्यात.

हे घे. माझा फोन. त्याचा नंबर, त्याचे सगळे मजकूर, माझे आवाज — तीनदा वाचलेलं तेही — काही पुसलेलं नाही. चौकीत तुझ्या आईनं ‘आवाज चोरला’ असं सांगितल्यावर हे कुणी मागितलंच नाही माझ्याकडे. सभेत काय बोलू विचारत होतीस ना, लिहून घे: जो काम देण्यासाठी पैसे मागतो त्याला नाही म्हणा, ज्याचा शेवटचा दिवस दर आठवड्याला येतो त्याला नाही म्हणा, आणि ओळखीचा आवाज वाटला तर त्या माणसाच्या दारात जाऊन विचारा, आणि एकदा नाही, दोनदा विचारा. हे तूच वाच त्यांना. तुझा आवाज चांगला आहे, फक्त ओळीच्या शेवटी पडतो. मी त्या दिवशी येईन, पण बोलायला नाही. आणि आईला त्याआधी मी सांगेन, आज संध्याकाळी, काचेशिवाय. तू सांगू नकोस. — अशी बघू नकोस माझ्याकडे.

ऊठ आता. पत्रक पुन्हा छापावं लागेल. लोक सांगतात, भोंग्याचा आवाज चोरला. ते तेवढं चुकीचं आहे. चोरला नाही, मी दिला, तोही निवडून, तीनदा वाचून. आणि ‘अनामत’ हा शब्द त्यांचा नव्हता. जा. दार लोटू नकोस, ओढून घे.