प्लगिन कोनं नेलं

“प्लग त्या सहदेवनंच नेला असन. आखाजीच्या सनाले बहिणीले न्यायले आला, तं पानी उंबऱ्याबाहेरच द्या” — असंच म्हनलं ना मामाजी तुमी, काल माजघरात? नाई, तुमची सून कान लावून नव्हती बसली, कनिक मळत होती — मधात नुसता पडदा हाय. बसा. दुकानात आता कोनी बियानं घ्याले नाई आलं. माहा भाऊ लग्नानंतर एक दिवस आला, तुमच्या या कॉम्प्युटरवर घटकाभर बसला, अन् दुसऱ्या दिवशी इथं काय लिहून आलं? मिसिंग प्लगिन. झालं! तुमी टेबलाखाली वाकून वायरी मोजल्या अन् पोरगं चोर ठरवलं. अवो, ते भिंतीतला प्लग नोहे! हे कोल्ह्याचं चित्र हाय ना, हा ब्राउझर — याले चित्रफीत दाखवाले एक जोड वरून बसवा लागते, वखराले पास बसवतो तशी. तेच प्लगिन. कधी बसवलंच नव्हतं, तं नेईन काय तो? — काय? फुकटाचा हाय म्हनून असा? फुकटाचा नाई, मोकळा हाय. कोनीबी उघडावा, पाहावा, सुधारावा — आधी लोक घरची सरकी बियान्याले राखत होते ना, तसा. हे पाहा, इथं दाबलं, उतरून राह्यलं. आता सारं बंद करून पुन्हा उघडा लागते — हात नका धरू, काई जळत नाई. मले तं पहिल्याच दिवशी समजलं होतं. काऊन नाई बोलली? म्हनलं, पाहू अजून कोनाकोनाचं नाव निघते. परवा माहंच निघालं, माह्या सासूच्या, आत्याबाईच्याच तोंडून.

लागली पाहा चित्रफीत. बीटी कपाशीचीच हाय — शेतकऱ्याइले दाखवाले तुमीच मागवलेली. आयका, ती बाई काय म्हनते — पिशवीतलं लहान पाकीट बिगर-बीटीचं, ते फेकू नका, धुऱ्याकडून, वावराच्या चारी बाजूनं पेरा. आमच्या लग्नाच्या पंगतीत माह्या बापाले काय म्हनलं होतं तुमी? “येडा मानूस, फेकाचं बी पेरते.” सारे हसले. बापबी हसला — हातात वाढाची बालटी होती, दुसरं काय करन? ते हसनं मले रोज दिसते मामाजी, तुमाले भाकर वाढतानी. रोज... जाऊ द्या. हे नव्हतं सांगाचं मले.

पडद्यामागं कोन हाय — आत्याबाई? या ना, समोर या. दोघंबी आयका. सहदेव येनार हाय. पानी त्याले घरात, या खुर्चीवर बसवून द्याचं. नाईतर दोन गिलास भाईर आना — मीबी तिथंच बसीन.