सुभेदारकाकांचं पुडकं

घंटागाडीचा इषय निघाला म्हणून सांगतो गड्यांनो. आमच्या गल्लीत ओल्या-सुक्याच्या दोन बादल्या वाटल्या, तवाच शेजारचे सुभेदारकाका म्हणाले, "ह्यात डाव हाय. कचरा बघून घरातलं समदं कळतंय." काकूलाबी ते बादलीला हात लावू देईनात.

पुढं श्रावण लागला. त्यांच्यात श्रावणात वशाट चालत न्हाई. काकू चार दिवस मेढ्याला माहेरी गेली आन एका सकाळी परत आली. तेवढ्यात गाडी आली. काकांनी पेपरात घट्ट बांधलेलं पुडकं सुक्याच्या बादलीतनं सोता नेलं. मी माझी बादली घेऊन मागंच हुतो.

गाडीवरची बाई म्हणाली, "सुभेदार, ह्यात काय हाय?"

"जुनं पेपर हायत. टाक तू."

"मग कुत्री का हुंगत्यात?"

तिनं तिथंच दोरा सोडला आन गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडली, "आवं, कोंबडीची हाडं ओल्यात टाकायची!"

काकू दारातच उभी.

काका तिकडं न बघता मला म्हणाले, "बघ, म्या म्हणलं नव्हतं? ही गाडी लोकांचं संसार मोडायला आलीया."