गुरुजींचा जुना नंबर

(वैशाखातले अकरा वाजले आहेत. हिवरखेडच्या सुविधा केंद्रात रेंज नाही, म्हणून संस्कृतचे निवृत्त शिक्षक शेषराव गुरुजी बाहेर ओट्यावर उन्हात उभे आहेत. मोबाईल स्पीकरवर आहे आणि मन अपराधी भावनेने कोमेजले आहे. शेजारी फुलमळ्याच्या पार्बताबाई. पलीकडून बोलत आहेत मोर्शीचे संत्रा बागायतदार खुशालराव.)

गुरुजी : कृपा करून फोन ठेवू नका. हा माझा तिसरा प्रयत्न आहे. आधी दोन्ही वेळा आपण मला पुढे बोलूच दिले नाही.

खुशालराव : कायले बोलू देऊ? पहिल्याच वाक्यात तुमी ओटीपी मागता! आमच्या मोर्शीत शेंबडं पोरगंही सांगते, ओटीपी कोणाले देऊ नाई म्हणून.

गुरुजी : आपली सावधगिरी उचितच आहे. परंतु तो संदेश या पार्बताबाईंचा आहे. उद्या सकाळी अमरावतीला त्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया व्हायची आहे. रुग्णालयाला मोफत उपचाराचे सरकारी कार्ड हवे, कार्डाला ओटीपी हवा, आणि तो येतो आपल्या मोबाईलवर. दोन ओटीपी वाया गेले. हाही गेला, तर यंत्र उद्यापर्यंत उघडणार नाही.

खुशालराव : त बाईचा अंगठा लावा ना! मशीन नाई का तुमच्या गावात?

पार्बताबाई : लावला ना भाऊ! दाही बोटं लावून पाहिले. चाळीस वर्सं हार गुंफले मी, दोऱ्यानं बोटं गुळगुळीत झाले माहे. मंग आतली मशीनवाली पोरगी, प्रतीक्षा, म्हणे, डोळा दाखवा मशीनीले. त मशीनीले डोळा समजत नाई म्हणे, जाळं हाय म्हणून. अवो, जाळं हाय म्हणूनच त चालली मी दवाखान्यात!

खुशालराव : बाईचं बोलणं त सरळ वाटते. तुमचंच नाई पटत, साहेब. इतकं छापल्यासारखं मराठी फसवणारेच बोलतात. हिवरखेडच्या बाईचा ओटीपी माह्या नंबरवर येते काहून, हे सांगा पहिले.

गुरुजी : तो दोष सर्वस्वी माझा. बारा वर्षांपूर्वी आमच्या शाळेत आधारचे शिबिर भरले होते. अर्ज मी लिहीत होतो. ज्यांच्याजवळ मोबाईल नव्हता, त्यांच्या रकान्यात मी माझाच क्रमांक लिहिला. रकान्यावाचून कोणाचे अडू नये, एवढाच हेतू होता. पुढे मुलाने नवा क्रमांक घेऊन दिला आणि जुना मी बंद पडू दिला. त्याच्या आश्रयाने किती माणसे उभी आहेत, याचे मला विस्मरण झाले. तोच क्रमांक आज आपल्याकडे आहे.

खुशालराव : किती जणांच्या फारमात लिहिला?

गुरुजी : सव्वीस.

खुशालराव : अरे देवा! म्हणून कोण्या डोमाजीच्या राशनचे मेसेज माह्याकडे येते! मी समजलो, सरकार माह्याच मागं लागलं.

गुरुजी : क्षमा असावी.

खुशालराव : पण नाई साहेब. मागच्या साली माह्या साडभावाले अशीच गोड कहाणी सांगून लुटलं. माफ करा, ठेवतो.

पार्बताबाई : अवो गुरुजी, पायात चपला त घाला! ओटा तव्यावानी तापला हाय. हा काय शाळेतला वर्ग हाय, बाहेर चपला काढाले?

खुशालराव : थांबा, थांबा. बाई काय म्हणाल्या?

गुरुजी : विशेष काही नाही. केंद्रात शिरताना चपला दाराशी काढल्या आणि रेंजसाठी तसाच बाहेर आलो. जिथे अक्षरे उमटतात तिथे चपला घालून जाववत नाही. जुनी सवय आहे.

खुशालराव : तुमी… चपला काढणारे गुरुजी?

गुरुजी : आपल्याला कसे ठाऊक?

खुशालराव : अवो, हा नंबर घेतला तवापासून दर गुरुपौर्णिमेले फोनच फोन! ‘चपला काढणारे गुरुजी का?’ पहिल्या साली मी सांगलं, राँग नंबर. एक दामिनी नावाची पोरगी रडालेच लागली. तिले वाटलं, गुरुजी गेले. मंग मी नाई म्हणणंच सोडलं. ‘सुखी राहा’ म्हणतो अन् ठेवतो. चुकलं असन त सांगा.

गुरुजी : मला वाटले होते, मुले विसरली.

खुशालराव : छे हो! ते दामिनी नर्स झाली अकोल्याले. दर साली पयला फोन तिचाच. बरं, हे मागून सांगतो, आधी बाईचं काम. घ्या लिहून. चार, शून्य, नऊ, दोन, सात, सात.

पार्बताबाई : प्रतीक्षा, ऐकलं का वो? चार, शून्य, नऊ… हो, हो, दोन सत्ते शेवटी… निघालं! गुरुजी, कार्ड निघालं! भाऊ, नीट दिसाले लागलं की पयला हार तुमाले धाडतो.

खुशालराव : धाडा माय. अन् गुरुजी, बाकीचे पंचवीस?

गुरुजी : उद्यापासून एकेकाच्या घरी जातो आणि सर्वांना केंद्रावर आणून क्रमांक बदलून घेतो.

खुशालराव : तोपर्यंत मी हाव ना. बिनधास्त फोन करजा. अन् गुरुपौर्णिमेले तुमच्या लेकरांचे फोन आले, त तुमचा नवा नंबर देऊ?

गुरुजी : अवश्य द्या. पण त्याआधी ‘सुखी राहा’ तेवढे म्हणत जा. इतकी वर्षे ते आपणच सांभाळले आहे.

खुशालराव : बरं, म्हणतो. आता चपला घाला, गुरुजी.