विणकाम यंत्र मिळणेबाबत

विषय — घरगुती विणकाम यंत्र मिळणेबाबत. संदर्भ — सौ. सारजा आबाजी कोकरे, राहणार इंदापूर, यांचा दिनांक चौदा जुलै एकोणीसशे सत्त्याण्णवचा अर्ज. — बरोबर वाचलं ना, मॅडम? मोठ्यानं वाचायची सवय आहे. बत्तीस वर्षं साहेब लोकांना कागद वाचून दाखवले. त्यांना चष्मा लागलेला असायचा आणि ते कबूल करायचे नाहीत. बसा. त्या खुर्चीवर नको — तिचा एक पाय सरकारी आहे, जागेवर असतो पण काम करत नाही. हितं बसा, खाटेवर. तर तुम्ही प्रत्यक्ष पाहणीला आलात. चांगलं केलंत. सहा महिन्यांत पाहणीला माणूस आला म्हणजे खातं सुधारलं म्हणायचं. मी असताना अर्ज निदान दोन पावसाळे बघायचा. अर्जदार? अर्जदार आत्ता घरी नाहीत. भवानीनगरला गेल्यात, बहिणीकडं — बानूबाई म्हणून मेहुणी आहे, तिचे मालक कारखान्यात आहेत, क्वार्टर आहे त्यांना. येईल की. केव्हा — ते सांगतो, आधी चहा घ्या. मीच केलाय. आलं जास्त पडलंय. हा लाडूही माझाच. गूळ कमी शिजला की लाडू फुटतो, जास्त शिजला की दात. हा दुसऱ्या प्रकारचा आहे, तेव्हा बेतानं.

ते होय? तो मफलर आहे. हसा, हसा, मोकळेपणानं हसा. शेजारची ठमाबाई तर भिंतीवरून वाकून हसते — ‘भाऊसाहेब, कुणाला बांधायचा एवढा?’ म्हणते. कॅसेट लावून शिकलो असं नाही, बायकोला विणताना बघून बघून जेवढं डोळ्यात राहिलं तेवढं. एक सुलट, एक उलट. टाके घालायला जमलं, पुढं जायला जमलं, पण शेवटाला टाके बंद कसे करतात ते बघायचं राहिलं — ती बंद करत असायची तेव्हा मी बहुतेक पेपर वाचत असेन. त्यामुळं सुई काढली की सगळं उसवणार, म्हणून काढत नाही, वाढवत राहतो. साडेआठ हात झालाय. माणसाच्या गळ्याला नको, उंटाला होईल.

तर अर्ज. तुम्हाला वाटेल पहिलाच आहे. नाही. यापूर्वी एक होता, नव्वद सालचा — तुमच्या फायलीत नसेल, दप्तरी दाखल झाला. मॅडम, तुम्ही नवीन आहात म्हणून सांगतो, आमच्या हिच्या हाताचं काम या तालुक्यात माहीत नाही असं घर नव्हतं. दोन वेळचा स्वयंपाक, आल्यागेल्याचं बघून, दुपारी दोन ते पाच सुया हातात. लग्नसराईत पार निमगाव केतकीहून बायका यायच्या — रुखवतात मांडायला क्रोशाचं तोरण पाहिजे, टेबलावरचा रुमाल पाहिजे, लोकरीचा मोर पाहिजे. वर करंज्या-अनारशांची ताटंसुद्धा हिच्याच हातची. आणि मांडवात चिठ्ठी काय लागायची? ‘नवरीने स्वतः केले.’ अर्ध्या तालुक्यातले नवरे आजही समजून आहेत, आपल्या बायकोला क्रोशा येतो. ती सगळी आमच्या सारजाची बोटं. मग एकदा बारामतीला प्रदर्शनात तिनं ते यंत्र बघितलं — सरकता घोडा, इकडून तिकडं फिरवला की ओळ पूर्ण — आणि चार दिवस दुसरं बोलली नाही. सातवी शिकलेली आहे. अर्ज स्वतः लिहिला, मोठ्या मोठ्या अक्षरात, ओळ वर चढत गेलेली, आणि माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवला. ‘तुमीच नेऊन द्या, तुमचंच हापीस हाय.’

तिथंच घोटाळा होता. माझंच ऑफिस, माझंच टेबल. स्त्रियांच्या गृहउद्योगाचे अर्ज छाननीला माझ्याकडं. साहेबांनी नाव वाचलं आणि गालातल्या गालात म्हणाले, ‘काय भाऊसाहेब, लाभार्थी घरातूनच का?’ बास. एवढंच. पण चार टेबलं लिहायची थांबली. मग मी पेन उचललं आणि शेरा मारला — पाठ आहे मला, ऐका — ‘सदर अर्जदार विणकाम, क्रोशाकाम व स्वयंपाक ही कामे फावल्या वेळात छंद म्हणून करीत असल्याने सदर बाब व्यवसाय या सदरात मोडत नाही. सबब अर्ज दप्तरी दाखल करणेस हरकत नसावी.’ कसं आहे वाक्य? एक शब्द काढता येत नाही. ‘हरकत नसावी’ — म्हणजे नाकारलं मी नाही, कुणीच नाही, फक्त हरकत नव्हती. सगळ्या ऑफिसात नाव झालं. स्वतःच्या बायकोचा अर्ज बाजूला ठेवणारा माणूस. निरोप समारंभाला साहेबांच्या भाषणात आलं हे, शाल देताना, ‘एका अर्जात यांनी आपपर केलं नाही’ एवढ्याच शब्दांत. ती पुढच्या रांगेत बसली होती — कसला अर्ज, कुणाचा, ते साहेबांनी सांगितलं नाही, आणि टाळ्या सगळ्यांबरोबर तिनंही वाजवल्या.

प्रामाणिकपणा? — हां, तुम्हीही तेच म्हणणार. सगळे म्हणतात. बरं, एक सांगतो, हे लिहून घेऊ नका. साहेब बोलले नसते तरी मी बहुतेक तेच लिहिलं असतं. त्याचं असं झालं होतं — बाजारात मला माणसं ओळखायची कशी? ‘हे कोण? — हे सारजाबाईंचे मालक.’ बत्तीस वर्षं कागद काळे केले आणि ओळख काय, तर तोरणवाल्या बाईंचा नवरा. त्यात यंत्र आलं असतं तर गिऱ्हाइकांपायी दार बंद होण्याची सोय नव्हती, माझं जेवण सातचं आठला गेलं असतं, आणि ती दमलेय म्हणाली असती तर मला काय उत्तर होतं? छंद करून माणूस दमत नाही. धंदा करून दमतो.

आता गंमत बघा. आमचा बाप, गेणबा, मेंढरं राखायचा. दिवसभर कळपामागं चालायचा आणि चालता चालता हातातल्या चातीवर लोकर कातायचा. चाती गरगर फिरतेय, बाप चालतोय, सूत निघतंय. घोंगडीचं सूत. त्याला कुणी कधी विचारलं नाही, की तात्या, हे फावल्या वेळात करता का? बाप्या माणसानं लोकर धरली की तो धंदा. मी शाळेत जायचो तर अंगाला लोकरीचा वास यायचा, पोरं नाक धरायची. तो वास जावा म्हणून कारकून झालो. आणि बायको मिळाली तीही लोकर हातात घेऊनच. असो.

घरी काय सांगितलं? घरी सांगितलं, प्रलंबित आहे. दर सोमवारी विचारायची — सोमवारी का, तर रविवारी मी सुटीवर असायचो, त्या दिवशी ऑफिसचं बोलायचं नाही असा तिचाच नियम. ‘अवं, माझ्या अर्जाचं?’ प्रलंबित. ‘प्रलंबित म्हंजी?’ म्हणजे जिवंत आहे. ‘मग बरं हाय.’ सहा वर्षं. यंत्रासाठी ती कोपऱ्यातली जागा मोकळी ठेवली होती तिनं, तिथं पाण्याचा हंडासुद्धा ठेवू द्यायची नाही. सहा वर्षं मी त्या कोपऱ्याला वळसा घालून आंघोळीला गेलो. तुम्हाला मोठा गुन्हा वाटत असेल. मला रोजचं काम वाटत होतं. शेकड्यानं माणसांना मी तेच उत्तर दिलंय, त्यात एक घरचं.

मग शहाण्णवची दिवाळी. मी जूनमध्ये निवृत्त झालेलो. चांगल्या चांगल्या शेऱ्यांच्या प्रती मी घरी आणून ट्रंकेत ठेवल्या होत्या — लोक फोटो ठेवतात, मी प्रती. तिला लाडवाच्या डब्याच्या तळाला घालायला कागद पाहिजे होता. वरचाच उचलला. माझं अक्षर तिला किराणाच्या याद्यांवरून पाठ. उभ्यानं वाचलं तिनं, हाताला बेसन तसंच. मला विचारलं, ‘सबब म्हंजी काय वं?’ मी म्हणालो, म्हणून. ‘असं व्हय,’ म्हणाली. आणि लाडू वळायला बसली. सगळे वळले, मॅडम. एक सारखा एक. तोच कागद डब्यात तळाला घातला, वर लाडू रचले, झाकण लावलं. भाऊबीज झाली, दुसऱ्या दिवशी सुया आणि दोन लुगडी पिशवीत घातली. आदळआपट नाही. उंबऱ्यात म्हणाली, ‘आता तुमचाबी येळ फावलाय. करा काय करायचं ती.’ लाडू मला महिनाभर पुरले. जसजसे संपत गेले तसतसा तळाशी माझा शेरा दिसायला लागला, तुपानं पारदर्शक झालेला. ‘हरकत नसावी’ तेवढं शेवटच्या लाडवाखाली होतं.

दोनदा गेलो आणायला. भवानीनगरात कारखान्याच्या पोरांचे शाळेचे स्वेटर विणते ती आता, निळे, गळ्याला पांढरी पट्टी. बानूबाई दारात म्हणाली, ‘दाजी, बसा, पाणी घ्या, पर तिला आता बोलता येणार न्हाय, तिचा टाका मोजायचा चाललाय.’ टाके मोजणारं माणूस बोलत नाही हे मला माहीत आहे. दोन्ही वेळा तिचे टाके मी परत निघेपर्यंत मोजून झाले नाहीत.

तेव्हा हा अर्ज केला. मी. — हो, मी केला, तिच्या नावानं. तुम्ही मघापासून त्या सहीकडं बघताय ते मला दिसतंय. सही माझ्या हातची आहे. ओळ मुद्दाम वर चढवलीय, तिच्यासारखी. ते बरं जमलंय. म्हटलं, यंत्र येऊ दे, त्या कोपऱ्यात बसवू, मग निरोप धाडू — अर्ज मंजूर झाला, या. यंत्रासाठी तरी येईल. माझ्यासाठी येणार नाही, एवढं कळण्याइतकं वाचन आहे माझं. व्यवसाय या रकान्यात स्वच्छ लिहिलं, ‘विणकाम’. सात वर्षं उशिरा असेल, पण लिहिलं.

हे काय आणखी? दुसरा कागद कसला — द्या. चष्मा… हां.

विषय — घरगुती विणकाम यंत्र मिळणेबाबत. अर्जदार, सारजा आबाजी कोकरे. राहणार, भवानीनगर. दिनांक, दोन सप्टेंबर. — हे अक्षर तिचं आहे. हे खरं तिचं. ओळ वर चढलीय बघा, माझ्यापेक्षा जास्त. व्यवसाय — ‘विणकाम, क्रोशाकाम, स्वयंपाक’. शेऱ्यातला क्रम तोच, शब्द तेच; पाठ केलेलं दिसतंय. पतीचे नाव — आबाजी गेणबा कोकरे. नाव ठेवलंय. पतीचा व्यवसाय —

‘फावला वेळ.’

शुद्धलेखनाची एक चूक नाही. — नाही, हसतोय मी. चांगलं लिहिलंय. मलाही एवढ्या थोडक्यात जमलं नसतं.

तर म्हणून तुम्ही आलात. पाहणी-बिहाणी नव्हेच. एका व्यक्तीच्या नावे दोन अर्ज आल्यास खुलासा होईपर्यंत दोन्ही प्रलंबित ठेवावेत — कलम बारा. सांगू नका मला, मॅडम, ते कलम ज्या टिपणीवरून आलं ती टिपणी मी लिहिली होती, चौऱ्याऐंशी साली. म्हणजे माझा अर्ज आडवा आलाय. तिचा वर जाणार होता आणि माझ्यामुळं थांबलाय, पुन्हा. आणि मी दोन ओळी लिहून दिल्या, की इंदापूरचा अर्ज माझ्या हातचा, रद्द समजावा, तर तिचं काम होतं. यंत्र भवानीनगरला जातं. बानूबाईच्या क्वार्टरमध्ये, खिडकीपाशी बसतं. कागद आणलाय तुम्ही लिहूनच — तयारीच्या आहात. खाली फक्त माझी सही.

पेन आहे माझ्याकडं. पेनचा प्रश्न नाही. सहीबद्दल कारवाई होईल याचीही मला भीती नाही. निवृत्त माणसाचं काय बिघडवणार? पण मला एक सांगा — यंत्र तिकडं गेल्यावर ती इकडं कशाला येईल? तुमच्याकडं कलम आहे का काही? नाही ना. आत्ता निदान चौकशीला तुम्ही इकडून तिकडं जाल. ती विचारेल, अर्जाचं काय झालं. तिला माझं नाव घ्यावं लागेल, महिन्यातून एकदा तरी. कदाचित भांडायला येईल. येऊ दे की. चहा ठेवीन.

मॅडम, काय करताय? ते मफलरचं — तुम्हाला येतं होय? आमच्या मांडवातल्या नवऱ्यांना कळलं पाहिजे, खरंच कुणाला तरी येतं ते. नाही, नको. खाली ठेवा ते. दोन टाके बंद केलेत तेवढे उघडा. उघडा म्हणतो ना. मी सांगितलं नव्हतं बंद करायला.

तो कागद इथं ठेवून जा, मी वाचून ठेवीन. आज सही होणार नाही. पाच वाजता बस आहे तुमची, भवानीनगरवरूनच जाते. तिनं विचारलं तर आपलं नेहमीचं उत्तर द्या. आणि फायलीवर लिहा — जागेवर भेट दिली, अर्जदार आढळून आल्या नाहीत, पतीचा खुलासा मिळाला नाही. दोन्ही अर्ज प्रलंबित.