पाणी काढणारा पडदा

चिखलीच्या बसस्थानकावर कौसरच्या मागच्याच बाकड्यावर रहेमतुल्लाचाचा आणि त्यांचा शेजारी इंद्रभान यांच्या गोष्टी रंगल्या होत्या. कौसरची बस आली, पण ती उठली नाही. तिनं फक्त कानावरची ओढणी मागं सारली.

"काल तुह्या घरी श्रीखंड खाल्लं, तसं जिंदगीत नाही खाल्लं. तुही चाची अमीना म्हन्ते, चक्का एवढा घट्ट कसा झाला ते विचारून या."

"चाचा, माहा गोबरगॅस बंद पडला."

"मी चक्क्याचं विचारून राह्यलो बे!"

"तेच सांगून राह्यलो ना! टाकीत पाणी लय झालं होतं. माह्या पोरानं, प्रज्वलनं, कॉलेजातून एक पडदा आनून शेणाच्या काल्यात बसवला. त्याच्यातून पाणी तेवढं बाहेर जाते, गॅस करनारे जंतू आतच राह्यतात. महिनाभर असा जाळ होता म्हनता!"

"मंग बंद काऊन पडला?"

"काल तुम्ही जेवाले येनार. बायकोले घाई. फडक्यातून दही निथळाले रात लागते, अन् या पडद्यातून तासाभरात चक्का तय्यार. आता वापसच देत नाही. म्हन्ते, गॅसले सिलिंडर हाय, पडदा एकच हाय."

"थांब. पडदा तिनं कुठून काढला?"

"चाचा, तुमची अमडापूरची गाडी लागली."

"इंद्रभान, कुठून काढला?"

"दोनदा धुतला होता, चाचा. पळा, खिडकीची जागा पकडा."