दहापैकी दोन

सोनीबाई : डॉक्टरला दुखणं शिकवाया कायदा करावा लागतो व्हय, सिद्धीताई?

डॉ. सिद्धी : लागला, मावशी. दुखणं कसं कमी करायचं ते डॉक्टर-नर्सनी शिकलंच पाहिजे, असा नवा कायदा झालाय. परवाच पुण्याहून तीन दिवस शिकून आले.

सोनीबाई : न् आदी काय शिकत व्हता?

डॉ. सिद्धी : आधी रोग शिकवला. दुखणं एका दुपारी उरकलं.

जानकू : तू गप की. नारायणगावासनं हितं मढ गावापतूर आली पोर, न् हिची उलटतपासणी चाललीया.

सोनीबाई : का गप? कॅन्सर हाडात गेलाय. कूस बदलताना उशी दातात धरता तुमी. न् ह्या ताईंनी गेल्या महिन्यात तापाची गोळी दिली.

डॉ. सिद्धी : मी विचारलं होतं मावशी, दुखणं दहापैकी किती? बाबा म्हणाले, दोन. दोनला तीच गोळी देतात.

सोनीबाई : दोन?

जानकू : मंग खोटं हाये का? आज तर दीडच धरा.

डॉ. सिद्धी : म्हणजे उतरलं?

जानकू : उतरतच चाललंय. आता काय हाती लागत न्हाई.

डॉ. सिद्धी : थांबा बाबा. दोन म्हणजे कसं, ते सांगा मला.

जानकू : मी कोतवाल व्हतो. तलाठ्यासंगं तीस वर्सं खाचरं हिंडून पिकाची आणेवारी केली. दहा म्हंजी भात वजनानं वाकलंय. दोन म्हंजी नुसता पेंढा. तसा मी आता पेंढाच की.

डॉ. सिद्धी : म्हणजे हाल जितके जास्त, तितका तुमचा आकडा खाली.

जानकू : सरकारात तसंच धरत्यात.

डॉ. सिद्धी : चुकलं माझं. वरचं टोक कुठलं ते सांगितलंच नाही. आकडा ऐकला न् लिहून मोकळी झाले.

जानकू : आसूं द्या. आमचा तलाठीबी बांधावरनंच पीक बघायचा.

डॉ. सिद्धी : मॉर्फिनची गोळी आणलीय. किती द्यायची ते तुमच्या उत्तरावर ठरेल. आता उलटं धरा, दहा म्हणजे अजिबात सोसवत नाही. किती?

जानकू : सोने, ताईस्नी पाणी आण.

सोनीबाई : ह्यो काय, तांब्या पुढ्यातच हाये.

जानकू : मंग गोठ्यात बघून ये जरा.

सोनीबाई : मी हलत न्हाई. सांगा माझ्यापुढं.

जानकू : ताई, हिला तेवढं भायेर घालवा. हिच्यापुढं मोठा आकडा निघायचा न्हाई तोंडातनं.